थंडीच्या जाळ्याची पट्टी

बंदरावर तिला सगळे सुई म्हणत. जाळे विणण्याची चपटी सुई तिच्या उजव्या हातात नाही अशी वेळ क्वचितच येई, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण तिच्याशी दोन वाक्ये बोललेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नसे. वय बावन्न, अंगकाठी किरकोळ, डाव्या अंगठ्याच्या पेरावर सुताने कापून कापून पडलेली कायमची खाच. राग आला की इतरांचा आवाज चढतो, तिचा उतरे. तो एका मर्यादेखाली गेला की घरातल्या माणसांना आपापली राहिलेली कामे एकदम आठवत.

ती तांडेलाची, म्हणजे बोटीच्या प्रमुखाची, मुलगी. लग्न होऊन गेली आणि चार वर्षांनी परत आली; का आली हे तिने सांगितले नाही आणि तिला विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. ती परतली त्याच आठवड्यात वडिलांनी शिसवीसारख्या काळ्या, टणक लाकडाची एक वीतभर पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि घरामागची लांब खोली तिच्या स्वाधीन केली. या खोलीला धक्क्याकडे उघडणारी एकच खिडकी होती. समोरच्या भिंतीत छातीच्या उंचीवर लोखंडी हूक ठोकलेले, हुकांवर अर्धे विणलेले जाळे, कोपऱ्यात सुताची रिळे, आणि या सगळ्यात मुरलेला मिठाचा, डांबराचा आणि ओल्या दोराचा वास. एकोणतीस वर्षे ती या खोलीत उभी होती. वडील गेले, बोट धाकट्या भावाकडे आली, तोही आता चाळिशी ओलांडून तांडेल म्हणून रुळला. खोली आणि पट्टी मात्र तिच्याकडेच राहिली.

पट्टी म्हणजे जाळ्याचे माप. ती डाव्या हातात धरायची, सूत तिच्याभोवती घ्यायचे, वरच्या बाजूला गाठ मारायची. पट्टी जेवढी रुंद तेवढा जाळ्याचा प्रत्येक चौकोन, म्हणजे आस, मोठा. उन्हाळ्याची जाळी कारखान्यातून तयार येत. थंडीची मात्र हातानेच विणावी लागत, कारण थंडी पडली की बांगडा किनाऱ्यालगतचे उथळ पाणी सोडून दूरच्या खडकाळ तळाशी उतरतो, आणि तिथे कारखान्याचा बारीक धागा दोन फेऱ्यांतच फाटून जातो. थंडीतला बांगडा अंगानेही निराळा असतो: जाड, चरबीने भरलेला, डोक्यापाशी रुंद. त्याच्यासाठी सूत जाड, आस मोठा, आणि विणणारी सुई.

बोटीवरच्या चार माणसांचे चार तुकडे असत. ज्याचा तुकडा, त्याची बोटीवर जागा; हा या बंदरावरचा जुना रिवाज होता आणि त्याला तांडेलही अपवाद नव्हता. तुकडे एकमेकांना जोडून एक लांब जाळे होई, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्याला त्याच्या खुणेच्या रंगाचा दोरा बांधलेला असे. भावाचा निळा, काकांचा पिवळा, इंजिनवाल्याचा पांढरा. हे सगळे तुकडे, त्यांच्या आधीचे आणि त्यांच्याही आधीचे, तिनेच विणलेले. खुणेचे दोरेसुद्धा तिनेच बांधलेले. स्वतःची खूण तिला कधी लागली नव्हती.

गेल्या सहा थंड्या मात्र या घरात एकच तक्रार ऐकू येत होती. मासा जाळ्यापर्यंत येतो, जाळे वर ओढले की अगदी पाण्याच्या कडेशी येऊन गळून पडतो. इतर बोटी भरून येत आणि यांची अर्धी. काका सत्तरीला टेकलेले, वडिलांचे धाकटे भाऊ, बोटीवर सर्वांत जुने. त्यांनी निदान पहिल्याच वर्षी केले होते आणि नंतर दर हिवाळ्यात ते नव्याने सांगत: गाठी ढिल्या पडताहेत, गाठ सरकते, आस फाकतो, मासा निसटतो. बाईमाणसाच्या हातात वयोमानाप्रमाणे जोर राहत नाही, त्याला तिचा इलाज नाही, असे ते वर समजूतदारपणे म्हणत. तिला चीड येई ती त्या समजूतदारपणाची.

यंदा थंडीची चाहूल लागली तशी पहिल्या फेरीची तयारी सुरू झाली. भाऊ दुपारी जेवताना बोटांवर कामे मोजत होता. बर्फाची खोकी धुवायची होती, इंजिनचे तेल बदलायचे होते, नांगराचा दोर नवा घ्यायचा होता, आणि मुख्य म्हणजे चौथा माणूस शोधायचा होता, कारण चौथा खलाशी आपला तुकडा उचलून शहरातल्या गोदामात रखवालदार म्हणून निघून गेला होता. काका म्हणाले, माणूस मिळेल, माणसाचे काय. प्रश्न गाठींचा आहे. मग त्यांनी ताटातला घास तोंडात घातला आणि चावून झाल्यावर, हातात जोर राहत नाही, एवढे जोडले.

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"चौथा माणूस शोधू नकोस," ती भावाला म्हणाली. "मी येते."

काकांनी विचारले, कुठे.

"बोटीवर. जाळं टाकता कसं ते मला एकदा बघायचंय. सहा वर्षं ऐकून घेतलं. ताणून टाकत असाल. ताणलेल्या जाळ्यावर मासा आपटतो आणि माघारी फिरतो, त्याला गाठ काय करणार?"

आवाज इतका खाली होता की भावजयीला मान पुढे करावी लागली. इंजिनवाला त्या दिवशी जेवायला होता. तीस वर्षे इंजिनशेजारी काढून त्याला निम्मे ऐकू येत नसे, त्यामुळे तिच्या रागाला न भिणारा तो बंदरावरचा एकमेव माणूस होता. त्याने आणखी भात वाढायला सांगितला.

भावाने मोजती बोटे मिटली. नकार देण्याची त्याची एक रीत होती; तो तोंडाने कधी नाही म्हणत नसे, रिवाजाला पुढे करी.

"ताई, यायला कोण नको म्हणतंय. पण बोटीवर यायचं तर आपला तुकडा लागतो. तुला मी सांगायला नको."

"फेरी कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"मग झालं तर."

एका तुकड्याला एरवी तिला दोन महिने लागत. भावाला हे ठाऊक होते, आणि त्याला ते ठाऊक आहे हे तिला कळले होते. तिच्या रागातला पाऊण हिस्सा याचाच होता.

गोष्ट घरात राहिली असती तर निराळे. पण काकांनी ती संध्याकाळी वजनकाट्याच्या शेडमध्ये नेली, तिथे मासा उतरवून घेणारी, बर्फ फोडणारी, खोकी मोजणारी सगळी बसलेली असत. आणि दुसऱ्या दिवशी ती सूत आणायला त्या बाजूने गेली तेव्हा काटेवाल्याने अतिशय आदराने, तांडेलीणबाई, यंदा आमच्याकडेही लक्ष असू द्या, असे म्हटले. शेडमध्ये हसू पसरले. ती थांबली. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे तिच्या मानाने मोठ्याने, सांगितले की दोष जाळे टाकणाऱ्यात आहे आणि ती ते बघून येणार आहे. दोष जाळ्यात निघाला तर ती बोटीवर पाय ठेवणार नाही. काटेवाल्याने काट्याला हात लावून, आम्ही साक्षीदार, असे म्हटले. असा शब्द देऊन झाला.

त्यानंतरचे एकोणीस दिवस ती विणत होती. सकाळचा चहा झाला की खोलीत, दुपारी पाठ मोकळी करायला दहा मिनिटे परसात, उजेड जाईपर्यंत पुन्हा खोलीत. भावजयीने स्वयंपाकघर आपल्याकडे घेतले. ही भावजय बोलघेवडी, गोलसर, नवऱ्याला घाबरत नसे पण नणंदेला जरा घाबरे. तरी मनापासून तिच्या बाजूची. "वन्सं, तुम्ही विणा," ती म्हणाली. "चूल मी बघते, बोलणीही मीच खाते." वडिलांचा मेणकापडी अंगरखा तिने माळ्यावरून काढून धुतला, बाह्या चार बोटे दुमडून टाके घातले. नवऱ्याचे जुने गमबूट आणले. त्यांत तीन जोड मोजे घातल्यावर सुईचे पाऊल बसले. लोकरीची टोपी विणली आणि ती कानांवर इतकी खाली आली की सुईने विचारले, हे मला बोलणे ऐकू येऊ नये म्हणून का. भावजय म्हणाली, नाही, तुमचं इतरांना ऐकू येऊ नये म्हणून तोंडासाठी दुसरी विणतेय.

इंजिनवाला एकदा खिडकीशी येऊन उभा राहिला आणि बोट लागू नये म्हणून काय करावे ते त्याने तिला ओरडून सांगितले: पोट रिकामे ठेवू नये, इंजिनच्या धुराकडे तोंड करू नये, आणि ओकायचेच झाले तर वाऱ्याच्या दिशेला ओकू नये. अर्धे बंदर ते ऐकत होते. भाऊ मात्र खोलीत डोकावला नाही. तो धक्क्यावर नांगराचा दोर गुंडाळताना दिसे, खोकी धुताना दिसे, आणि दोनदा तिने त्याला एका अनोळखी माणसाशी बोलताना पाहिले. त्या माणसाच्या खांद्यावर स्वतःच्या तुकड्याची गुंडाळी होती. ते पाहिल्यापासून तिच्या गाठी आणखी घट्ट बसू लागल्या. एक गाठ काकांच्या नावाने, एक भावाच्या, एक काटेवाल्याच्या. हात आपोआप चालत. पट्टी अंगठ्यात अशी बसली होती की तिच्याकडे पाहावेही लागत नसे. नव्या पट्ट्या बोचतात, ही हाताला बसली आहे, असे ती कौतुकाने म्हणे. एकोणतीस वर्षांत तिने ती कोणाच्या हातात दिली नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तुकडा पुरा झाला. वरच्या दोराला तरंगणारे गोळे, खालच्या दोराला शिसे, कोपऱ्याला तिच्या खुणेचा लाल दोरा. तो बांधताना तिला पहिल्यांदा थोडे हसू आले. फेरीला तीन दिवस होते.

भावजय तेवढ्यात दोन बांगडे घेऊन आली. शेजारच्या एका छोट्या होडीने गळाने धरलेले, हंगामातले पहिले, गारठ्याने ताठ झालेले. घमेल्यात ठेवून ती हुकांवर पसरलेले जाळे बघत राहिली, एवढे सुबक झाले आहे की मासे स्वतःहून येतील म्हणाली, आणि मग तिने विचारले की मासा नेमका अडकतो कसा. या घरात नांदून वीस वर्षे झाली, आणि हे तिला कोणी कधी दाखवले नव्हते.

सुईला तिची कीव आली आणि आपले काम दाखवायची हौसही. तिने एक बांगडा उचलला. डोके आत जाते, ती सांगू लागली, कल्ल्याचे झाकण पलीकडे गेले की सूत त्याच्या मागे बसते, मग मासा पुढे जाऊ शकत नाही आणि मागे फिरला तर कल्ल्यात धरला जातो. हे बघ. तिने मासा आसात घातला. तोंड गेले. डोळे गेले. पुढे जाईना. तिने जरा जोर दिला. सूत डोक्यावर ताणले गेले, कल्ल्यांच्या अलीकडेच. हात सोडला तसा मासा हलकेच घसरून घमेल्यात पडला.

तिने दुसरा घेतला. तोही पडला.

मग तिने कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला काकांचा पिवळ्या खुणेचा तुकडा उलगडला, चार वर्षांपूर्वीचा. मासा किंचित अधिक आत गेला आणि पडला. इंजिनवाल्याचा पडला. भावाचा, सर्वांत जुना, सहा वर्षांचा. त्यात मासा क्षणभर टांगून राहिला, आणि तिने जाळे जरासे हलवल्यावर पडला. मासा हातात घेऊन ती परसात गेली. कोबीच्या वाफ्यावर पाखरांपासून राखण म्हणून वडिलांच्या हातच्या जाळ्याचा एक जुना तुकडा पसरलेला होता. त्यात तिने मासा घातला. डोके पलीकडे गेले, कल्ला पलीकडे गेला, सूत मागे बसले. तिने हात सोडला. बांगडा कोबीवर लोंबकळत राहिला.

खोलीतून पट्टी आणून तिने ती त्या आसात घालून पाहिली. पट्टी त्यात खुळखुळली.

उजेडात धरल्यावर ते कोणालाही दिसले असते. पट्टीच्या दोन्ही टोकांना वडिलांनी तासलेली मूळ रुंदी तशीच होती. मधे, जिथे सूत फिरे, तिथे दोन्ही कडांनी ती आत गेली होती, तिला कंबर आली होती. एकोणतीस वर्षांचे सूत तिथून ओढले गेले होते. दोन्ही बाजूंचे मिळून अर्ध्या नखाएवढे झिजले असेल. पण पट्टीत जेवढे कमी होते त्याच्या दुप्पट आसात कमी होते. हाताला बसली म्हणून ती जिचे कौतुक करी ती हीच खाच. गाठी ढिल्या नव्हत्या. आस फाकत नव्हता. आस दरवर्षी थोडा थोडा मिटत आला होता, आणि जाड डोक्याचा मासा त्यात तोंड खुपसून, वर येता येता, स्वतःच्या वजनाने गळून पडत होता.

भावजय दारात उभी होती. तिला सगळे कळले नसले तरी पुरेसे कळले होते.

"वन्सं, मी काही पाहिलं नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जाऊन या. एकदा जाऊन आलात की पुढचं पुढे."

हे प्रेमाने म्हटले होते. पण त्या दुपारी याहून तिला अधिक संताप आणील असे दुसरे वाक्य सापडले नसते.

"पाहिलंस," ती म्हणाली. "मीही पाहिलं."

ती वाफ्याच्या कडेला बसली. एकोणीस दिवस जपलेल्या रागाला आता टेकायला जागा मिळेना. काकांवर धरावा तर काका अर्धे का होईना बरोबर ठरले होते. वडिलांवर धरावा, कारण लाकूड झिजते हे त्यांनी सांगायला हवे होते. पण ते तर गाठी मारणाऱ्या कोणालाही न सांगता कळायला हवे. बंदरावरची कोणी मुलगी हाताखाली घेऊन शिकवली असती तर तिची नवी पट्टी कापताना माप जुळवले गेले असते. तिने कोणाला शिकवले नव्हते, आपली खोली आपली म्हणून. तिथवर आल्यावर तिने लोंबकळणाऱ्या माशाकडे पाहिले, जाळ्याच्या सैल चुणीत त्याचे शेपूटही गुंतले होते, आणि तिच्या मनात एक निराळीच गोष्ट आली, आणि ती आली तशी ती उठली.

तासाभराने तिघे पुरुष खोलीत होते. तिने भावजयीला सांगून बोलावून घेतले होते, आणि तांडेलाला असे बोलावणे या घरात पूर्वी कधी गेले नव्हते. तिने एकामागून एक चारही तुकड्यांत मासा घालून दाखवला. कोबीवरचे जाळे आणवले, त्यातही दाखवला. मग पट्टी भावाच्या हातात दिली. ती कोणाच्या हातात देण्याची ही पहिलीच वेळ.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "गाठींची नाही. पट्टीची. सहा वर्षं तरी असणार, कदाचित जास्त."

भाऊ पट्टीच्या कमरेवरून अंगठा फिरवत होता.

"सहा वर्षं, ताई," तो म्हणाला. एवढेच म्हणाला, आणि तिला वाटले त्याने ओरडायला हवे होते.

काकांनी खाकरून घेतले. आपण म्हणत होतो, असे ते म्हणाले. जाळ्यातच आहे म्हणून आपण पहिल्या दिवसापासून सांगत होतो. आणि तिने वजनकाट्यावर चारचौघांत शब्द दिला होता, तो दिला नसता तर बरे झाले असते, पण आता दिला आहे.

"तुम्ही गाठींना नावं ठेवत होतात," ती म्हणाली. आवाज इतका उतरला की इंजिनवाल्याने काकांना विचारले, काय म्हणते. "या जाळ्यात पासष्ट हजार गाठी आहेत. एक सरकलेली दाखवा, मी आत्ता सुई मोडून देते. सहा वर्षं तुम्ही ताटावर बसून माझ्या हातातला जोर मोजलात. समुद्रावर तुम्ही जाता. मासा तुमच्या हातात येतो. सहा वर्षांत एकानं, एकानं एक मासा उचलून जाळ्यात घालून बघितला नाही. ते आज हिनं विचारलं." तिने भावजयीकडे बोट केले. भावजय घमेल्यामागे सरकली. "पट्टी मी झिजवली. पण डोळे तुम्ही कुठे ठेवले होते?"

मग भाऊ रिवाजाकडे वळला, जसा तो नेहमी वळे. तिचा तुकडा थंडीच्या माशाला चालत नाही, त्यामुळे रिवाजाप्रमाणे, तो म्हणू लागला.

"माझा चालत नाही," ती म्हणाली, "तर तुझाही चालत नाही, काकांचाही नाही. रिवाजानं मग कोणीच जायचं नाही. बोट धक्क्याला बांधून ठेव आणि चौघं बसू इथंच. तो खांद्यावर जाळं घेऊन फिरणारा पाहुणा आहे ना, त्याला एकट्याला पाठव."

इंजिनवाल्याला हे नेमके ऐकू आले. तो मोठ्याने हसला, आणि त्या हसण्याने खोलीतली हवा थोडी सैल झाली. त्या संधीत तिने मनात आलेली गोष्ट सांगितली. आस मोठा करता येत नाही, चार जाळी तीन दिवसांत विणून होत नाहीत. पण मासा कल्ल्यातच धरला पाहिजे असे कुठे आहे? कोबीवरचे जाळे आणताना ते भावजयीच्या हातात चुण्या होऊन आले आणि बांगड्याचे शेपूट, पर, तोंड सगळे त्यात गुंतले. सोडवताना तिला दोन वेळा धागा कापावा लागला. जाळे दोरावर ताठ बांधले की भिंत होते. तेच सैल, चुण्या पाडून बांधले तर मासा तोंड खुपसतो, वळतो आणि गुरफटतो. चारही तुकडे वरच्या आणि खालच्या दोरावरून सोडवून पुन्हा बांधायचे. लांबी तिसऱ्या हिश्शाने कमी होईल. एकटीला दहा दिवस लागतील, चौघांना दोन.

काका म्हणाले, आपण सुई धरत नाही.

"मग जोर दाखवायची वेळ आलीय," ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस लांब खोलीत जे चालले ते बंदरावरची माणसे काही ना काही निमित्त काढून खिडकीतून बघून गेली. तांडेल, त्याचे काका आणि इंजिनवाला भिंतीशी ओळीने उभे, प्रत्येकाच्या हातात सुई, आणि मागून सुई स्वतः येरझारा घालते आहे. चुणी दोन बोटांची हवी, तीन बोटांची नको. ही गाठ आहे का बुटाची नाडी? पुन्हा सोडा. भावाची बोटे दोराची सवय असलेली, जाड, सुताला ती उगाच ओरबाडत. पहिल्या दिवशी दुपारी त्याने एक संपूर्ण कड उलटी बांधली आणि ती उलगडताना तो पहिल्यांदा बोलला. बाबांनी पट्टी तुलाच का दिली, असे मला लहानपणी वाटायचे, तो म्हणाला. ती म्हणाली, आता कळले ना, पुढे चल. काकांची नजर अधू झाली होती; त्यांना सुईत सूत भरता येत नव्हते आणि ते सांगणे त्यांच्या जिवावर येत होते. तिच्या ते लक्षात आले. तिने सूत भरलेल्या सुया त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायला सुरुवात केली, एकही शब्द न बोलता, आणि न बोलण्यातही ती रागावलेली आहे हे त्यांना दिसेल याची काळजी घेत.

दुसऱ्या दिवशी उजेड जाण्याआधी काम झाले. तिने हात धुतले, लोकरीची टोपी घातली आणि वजनकाट्याच्या शेडकडे निघाली. भावाने विचारले, आत्ता कशाला. ती थांबली नाही.

शेड भरलेली होती. तिने काटेवाल्यासमोर पट्टी ठेवली.

"दोष जाळ्यात होता," ती म्हणाली. "माझी पट्टी झिजली होती. दोष जाळ्यात निघाला तर जाणार नाही म्हटलं होतं. तो शब्द मी मोडतेय. ठरल्याप्रमाणे उद्याच निघतोय आम्ही, वारा बरा आहे. कोणाला हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या."

कोणी हसले नाही. त्यामुळे ती अधिकच चिडली. काटेवाल्याने पट्टी उचलली, उलटसुलट पाहिली, काट्यावर ठेवली, काटा हललाही नाही. एवढ्याशा लाकडाने सहा हंगाम खाल्ले, असे तो म्हणाला. मग त्याने सांगितले की या काट्याची वजने झिजली आहेत का हे त्याने बारा वर्षांत बघितलेले नाही, आणि आता बघावे लागेल. कोपऱ्यातून एकाने त्याला आजवरच्या सगळ्या माशांची फेरमोजणी मागितली. आता हसू फुटले, पण ते तिच्यावर नव्हते. ती पट्टी घेऊन परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगले उजाडल्यावर, बोट निघाली. धक्क्यावर भावजय दोन्ही हात काखेत घालून उभी होती. सुईच्या अंगात वडिलांचा अंगरखा, पायांत तीन जोड मोजे. बोटीवर चढायला काकांनी हात पुढे केला तो तिने घेतला नाही, आणि चढताना ती घसरली तेव्हा घेतला. इंजिनवाल्याच्या सूचनांपैकी दोन तिने पाळल्या. तिसरी, वाऱ्याची, विसरली. ती आठवेपर्यंत अंगरख्याची पुढची बाजू धुवावी लागली, आणि भाऊ दुसरीकडे बघत होता ही त्या दिवशीची त्याची सर्वांत मोठी भलाई.

दुपारी खडकाळ तळाच्या पाण्यावर बोट थांबली. जाळे टाकायची वेळ आली. सर्वांत आधी जाणारा कोपरा लाल दोऱ्याचा होता. ते भावाने केव्हा आणि का ठरवले हे त्याने सांगितले नाही. तिने कोपरा पाण्यात सोडला. जाळे तिच्या हातातून सरकत खाली गेले, आणि काठावर ओणवी होऊन तिने ते पाहिले. शिशाने ओढलेली खालची कड अंधुक होत गेली, आणि मधल्या चुण्या, भिंतीशी उभे राहून बोटांनी मोजलेल्या, पाण्यात हळूहळू फुलल्या, श्वास घेतल्यासारख्या. एकोणतीस वर्षांत तिने आपले जाळे ओले फक्त वाळत घालताना पाहिले होते.

मग चुण्या एकाएकी मिटल्या. वरचा दोर ताठ झाला होता. तिने मागे वळून पाहिले. काका पाय रोवून, जन्मभराच्या सवयीने, दुसरे टोक सर्व ताकदीनिशी आपल्याकडे ओढत होते, आणि जाळे त्या ओढीने सरळ, नीट, भिंतीसारखे उभे राहत होते.

तिच्या छातीत एकदम ऊब भरली. सहा वर्षांचा राग, ज्याला कोबीच्या वाफ्याशी टेकायला जागा उरली नव्हती, तो आता अचूक आपल्या जागी जाऊन बसला.

"काका," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज इतका चढला की इंजिनवाल्यानेही वळून पाहिले, "ओढताय कशाला? ढील द्या."

काकांनी तिच्याकडे पाहिले, दोराकडे पाहिले. तांडेल इंजिनपाशी खाली मान घालून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. काकांनी हात सैल केला. दोर वाकला, पाण्यात चुण्या पुन्हा उघडू लागल्या.

"अजून," ती म्हणाली.